७.४ सेकंद, १५ अर्ज आणि एक पोस्टकार्ड

मराठीत काय काय ‘लागतं’ बघा! ठेच लागते, उचकी लागते, डोळा लागतो, लॉटरी लागते… आणि नोकरीसुद्धा ‘लागते’. जणू आपण आंब्याच्या झाडाखाली उभे होतो आणि ती टपकन डोक्यावर पडली!

पण मंडळी, नोकरी शोधणं हे चक्क एक कसब आहे. पोळी लाटण्यासारखं. पहिली पोळी भारताच्या नकाशासारखी होते, दहावी गोल. पंधरा-सोळा वर्षं शाळा-कॉलेजात आपल्याला बीजगणितापासून बेडकाच्या पचनसंस्थेपर्यंत सगळं शिकवतात, नोकरी कशी शोधायची याचा मात्र वेळापत्रकात एक तासही नसतो. मला ही गोष्ट मनापासून खटकते. म्हणून आज हा खुराक! थोडी ट्रिव्हिया, थोड्या टिप्स आणि भरपूर ‘काय सांगता?’

आधी शब्दांची भेळ

माहीत आहे का, ‘नोकर’ हा शब्द कुठला? मराठीत आला फारसीतून आणि फारसीत आला थेट मंगोलियातून! मंगोल भाषेत ‘नोकोर’ म्हणजे सवंगडी, सरदाराच्या खांद्याला खांदा लावून लढणारा साथीदार. पुढच्या वेळी कुणी ‘नोकरीच करतोस ना?’ असं नाक मुरडून म्हणालं, तर चेंगीझखानाच्या सवंगड्यांची आठवण करून द्या.

आणि ‘पगार’? अस्सल पोर्तुगीज! त्यांच्या भाषेत ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणं. पोर्तुगीज १९६१ मध्ये गोव्यातून गेले, पगार मात्र दर महिन्याला येतोय.

‘करिअर’ची मुळं लॅटिनमधल्या चाकाच्या गाडीत आहेत, फ्रेंचमध्ये तो शर्यतीचा रस्ता झाला. म्हणजे करिअरच्या मागे धावधाव होते, ती शब्दातच लिहून ठेवलेली आहे.

‘राजीनामा’ तर कमालच आहे. राजी म्हणजे संमत, नामा म्हणजे कागद. मूळ अर्थ संमतिपत्र! उर्दूत आजही राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद. मराठीत त्याचा अर्थ नोकरी सोडण्याचा झाला, पण मूळ भाव धरून ठेवण्यासारखा आहे. रागाच्या भरात रात्री साडेअकराला मेल ठोकू नका. काम नीट हवाली करा, रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र हातात घ्या, मगच निरोपाचा केक कापा. पुढची कंपनी ती दोन पत्रं मागतेच मागते.

आणि हो, ‘कॅन्डिडेट’! प्राचीन रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस आपला झगा खडूनं घासून पांढराशुभ्र करून बाहेर पडायचा. पांढराशुभ्र म्हणजे लॅटिनमध्ये ‘कांदिदुस’. त्यावरून उमेदवार झाला कॅन्डिडेट. दोन हजार वर्षांपूर्वीचा ड्रेस कोड! हा पांढरा रंग लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

बायोडेटा की बायो-डेटा-डेटा-डेटा?

जगातला सर्वांत गाजलेला नोकरीचा अर्ज कुणी लिहिला? लिओनार्दो दा विंचीनं! साधारण १४८२ मध्ये त्यानं मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला पत्र धाडलं. त्यात काय होतं, माहीत आहे का? हलके, उचलून नेता येतील असे पूल. किल्ल्याखालून जाणारे भुयारी मार्ग. तोफा. झाकलेले युद्धरथ. असे एकामागून एक दहाएक मुद्दे. आणि चित्रकला? अगदी शेवटी, जाता जाता!

का? कारण मिलानला तेव्हा लढायांची चिंता होती, चित्रांची नव्हे. लिओनार्दोनं ‘मला काय येतं’ याची यादी केली नाही, ‘तुम्हाला काय हवंय’ याची केली. पुढे त्याच मिलानमध्ये, त्याच स्फोर्झासाठी त्यानं ‘द लास्ट सपर’ रंगवलं, ही गोष्ट वेगळी. आधी दार उघडलं, मग भिंत मिळाली!

आता मिलानवरून थेट आमच्या घरी. गेल्या जूनमध्ये भाच्यानं मला फाइल पाठवली. ‘मावशी, जरा बघ ना.’ फाइलचं नाव: रेझ्युमे फायनल फायनल नवीन २. उघडली. पहिल्या पानावर वरती मोठ्ठा फोटो, त्याखाली करिअर ऑब्जेक्टिव्हची पाच ओळींची समासबहुल इंग्रजी आरास, मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, राष्ट्रीयत्व. छंद: वाचन, संगीत ऐकणे, क्रिकेट. आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी, अगदी कोपऱ्यात, लहान अक्षरांत: कॉलेजच्या कँटीनसाठी कूपनचं ॲप बनवलं, ४०० मुलं वापरतात.

अरे राजा! हिरा तळाशी आणि खडे वरती!

तरी बरं, रास आणि नक्षत्र नव्हतं. कारण आपल्याकडे ‘बायोडेटा’ या एका शब्दावर दोन खाती चालतात, लग्नाचं आणि नोकरीचं. दोन्हीकडे स्थळच बघायचं असतं, पण एका स्थळाला गोत्र लागतं आणि दुसऱ्याला गिटहबची लिंक!

बरं, वरती-खालती इतकं महत्त्वाचं का? तर ऐका. द लॅडर्स या अमेरिकी जॉब साइटनं २०१८ मध्ये नोकरभरती करणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. एका रेझ्युमेवर पहिली नजर किती वेळ टिकली? सरासरी ७.४ सेकंद! २०१२ मध्ये हाच आकडा सुमारे ६ सेकंद होता. एवढ्या वेळात आपला चहाचा पहिला घोटही नीट गिळून होत नाही.

म्हणून पहिल्या पानाचा वरचा एक तृतीयांश भाग म्हणजे तुमच्या दुकानाचं दर्शनी काचेचं कपाट. तिथं सर्वांत भारी माल मांडा. काय केलं, किती केलं, त्यानं काय फरक पडला. ‘टीमवर्कची आवड’ हे कुणीही लिहील. ‘४०० मुलं वापरतात’ हे फक्त भाचाच लिहू शकतो.

आणि माणसाच्या आधी बऱ्याचदा मशीन वाचतं बरं का! मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअरमध्ये जातो. दोन कॉलम, चित्रविचित्र चौकोन, फोटोत लिहिलेला मजकूर यांनी त्याचा गोंधळ उडू शकतो. साधी मांडणी, साधे मथळे. जाहिरातीत जे कौशल्य ज्या शब्दांत मागितलंय ते तुम्हाला खरोखर येत असेल, तर त्याच शब्दांत लिहा. फाइलला स्वतःचं नाव द्या. ‘फायनल फायनल’ नको!

स्पेलिंग? अहो, स्टीव्ह जॉब्सनं १९७३ मध्ये भरलेल्या नोकरीच्या अर्जात ‘ह्यूलेट-पॅकार्ड’चं ‘ह्यूइट-पॅकार्ड’ झालंय, आणि फोनच्या रकान्यात ‘नाही’! तोच कागद २०१८ मध्ये लिलावात १,७४,७५७ डॉलरला गेला. पण तुम्ही मात्र दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत, मावशीला दिसतात.

देशोदेशीची तऱ्हा तर विचारूच नका. अमेरिकेत रेझ्युमेवर फोटो लावत नाहीत, जर्मनीत तो लावायची रीत वर्षानुवर्षं चालत आलीय. जपानमध्ये हातानं भरलेल्या बायोडेटाची परंपरा आहे आणि कॉलेज संपवणारी मुलं एकाच हंगामात, जवळजवळ सारख्याच काळ्या सुटांत मुलाखतींना निघतात. आणि ‘वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’, खाली स्थळ, दिनांक, सही? ही खास आपल्या भागातली प्रथा! परदेशी अर्ज करताय? खुशाल गाळा.

ओळख पाहिजे, पण कसली?

आता येतो माझ्या सर्वांत लाडक्या गोष्टीवर. इथं जरा पाय पसरून बसते.

‘वशिला लागतो हो!’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. वशिला म्हणजे काका मंत्रालयात, मामा बँकेत. आता हे वाचा. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना गाठलं आणि विचारलं, ही नोकरी कळली कुणाकडून? निम्म्याहून अधिक लोकांना ओळखीतून कळली होती. इथवर ठीक. पण ती ओळख किती जवळची? वारंवार भेटणाऱ्यांकडून कळलं असे फक्त १६.७ टक्के. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून ५५.६ टक्के. क्वचित, वर्षातून एखाद्या वेळी भेटणाऱ्यांकडून २७.८ टक्के!

म्हणजे जिवलग मित्र नाही, काका नाही, मामा नाही. जुन्या ऑफिसातला कुणीतरी, कॉलेजातला सीनियर, लग्नात भेटलेला. ग्रॅनोव्हेटर ‘मित्राकडून कळलं का?’ असं विचारायचा, तर लोक त्यालाच दुरुस्त करायचे, ‘मित्र नाही हो, नुसती ओळख!’ १९७३ मध्ये आलेला त्याचा ‘कच्च्या धाग्यांची ताकद’ सांगणारा निबंध आजही समाजशास्त्रात सर्वांत जास्त उल्लेखला जाणाऱ्या लेखनापैकी आहे.

कारण? एकदम सोपं. जिवलगांचा कट्टा एकच, व्हॉट्सॲप ग्रुप एकच, म्हणून बातमीही एकच. नवी बातमी येते ती दुसऱ्या कट्ट्यावरून!

२०२२ मध्ये याची जंगी परीक्षा झाली. लिंक्डइनवरच्या तब्बल २ कोटी लोकांची पाच वर्षांची माहिती तपासली गेली आणि निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. फार जवळचे नाहीत आणि अगदीच परकेही नाहीत, अशा मधल्या ओळखी नोकरी मिळवून देण्यात सर्वांत तेज!

हे सगळं अमेरिकेचं, असं वाटतंय? मग चला कोल्हापूरला. गोपाळराव जोशींनी आपल्या पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकी मिशनऱ्याला पत्र लिहिलं. त्या मिशनऱ्यानं ते आपल्या मासिकात छापलं. १८८० मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. समोर पडलेलं मासिक सहज चाळलं. पत्र दिसलं. त्यांनी त्या अनोळखी मुलीला पत्र टाकलं आणि पुढे ती १८८३ मध्ये अमेरिकेला आली तेव्हा उतरली त्यांच्याच घरी. ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी! १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलनं स्त्रियांच्या विभागाची सूत्रंही देऊ केली. दातांच्या दवाखान्यातली ती वेटिंग रूम! यापेक्षा कच्चा धागा कुठला दाखवू?

आइनस्टाइनचं ठाऊक आहे का? १९०० मध्ये पदवी घेतली आणि पुढची दोन वर्षं कुठलंच विद्यापीठ दारात उभं करेना. शेवटी वर्गमित्र मार्सेल ग्रॉसमनच्या वडिलांनी बर्नच्या पेटंट ऑफिसच्या प्रमुखाकडे शब्द टाकला. १९०२ मध्ये नोकरी लागली. हुद्दा? तांत्रिक तज्ज्ञ, तृतीय श्रेणी! तीनच वर्षांनी, १९०५ मध्ये, याच तृतीय श्रेणीच्या कारकिर्दीत त्यानं भौतिकशास्त्र उलटंपालटं केलं.

मग करायचं काय? ओळखीच्या माणसाकडे थेट नोकरी मागू नका, माहिती मागा. नोकरी द्यायची तर त्याच्या हातात नसते आणि बिचारा अवघडतो. माहिती मात्र कुणीही आनंदानं देतं. भाच्याला आम्ही असा मेसेज लिहून दिला: ‘नमस्कार दादा, मी आपल्याच कॉलेजचा, तुमच्यानंतर दोन वर्षांनी पास झालो. तुमच्या टीममध्ये नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून काय यावं लागतं, हे समजून घ्यायचंय. या आठवड्यात दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?’ बस, एवढंच! असे वीस मेसेज. वीसपैकी सहा जण बोलले. सहाही अनोळखी, सहाही दिलदार.

पोस्टकार्डाची किंमत किती?

वर्ष १९७४. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या नोटीस बोर्डावर टाटांच्या पुण्यातल्या टेल्को कंपनीची जाहिरात लागली होती. तरुण इंजिनीअर हवेत. तळाशी ओळ: महिलांनी अर्ज करू नये. एक विद्यार्थिनी भडकली. तिनं पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं थेट जेआरडी टाटांना! पत्ताही नीट माहीत नव्हता. उत्तर आलं तारेनं, मुलाखतीला पुण्याला या, आणि येण्याजाण्याचं भाडंही कंपनीचं. ती टेल्कोची पहिली महिला इंजिनीअर झाली. नाव सुधा कुलकर्णी, लग्नानंतर सुधा मूर्ती.

‘पात्रता: ३ वर्षांचा अनुभव’ वाचून अर्ज न करणाऱ्या, अडीच वर्षं अनुभव असलेल्या मुलींनो, हे खास तुमच्यासाठी होतं!

आता एकदम उलटी गंमत. जाहिरात देणारा हैराण! १९१२-१३ च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी कलाकारांची जाहिरात दिली. तारामतीच्या भूमिकेला एकही बाई तयार होईना. मग ग्रँट रोडच्या एका खाणावळीत त्यांना एक नाजूक बांध्याचा, लांब बोटांचा पोऱ्या दिसला. अण्णा साळुंके. कामाला होता मुदपाकखान्यात. सांगतात की तिथं त्याला महिना १० रुपये मिळायचे, फाळक्यांनी १५ देऊ केले. सरळ ५० टक्के हाइक! आणि प्रमोशन? १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता!

आणि ‘जगातली बेस्ट नोकरी’ ऐकलीय का? खरंच याच नावानं ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या पर्यटन खात्यानं २००९ मध्ये जाहिरात दिली होती. काम: हॅमिल्टन बेटावर राहायचं, पोहायचं, फिरायचं, लिहायचं. पगार: सहा महिन्यांचे दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. अर्ज: फक्त ६० सेकंदांचा व्हिडिओ. जगभरातून ३४ हजारांहून जास्त अर्ज! ब्रिटनचा बेन साउथॉल निवडला गेला. शेवटच्या दिवसांत त्याला विषारी जेलीफिश चावलीसुद्धा. बेस्ट नोकरीतही डंख असतोच!

मुलाखत: प्रश्न कुठला, उत्तर कुठलं!

फ्रान्सच्या सीमेला कोणकोणते देश लागतात? लिओनिडास कोण होता? वीस बाय तीस बाय दहा फुटांच्या खोलीतल्या हवेचं वजन किती? हे प्रश्न कोण विचारायचं, माहीत आहे का? थॉमस एडिसन! त्याच्याकडे नोकरी हवी तर अशा दीडशेच्या आसपास प्रश्नांची चाळण पार करावी लागे. १९२१ मध्ये प्रश्न वर्तमानपत्रात फुटले आणि अमेरिकाभर गदारोळ. त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या आइनस्टाइनला त्यातलाच प्रश्न टाकला, आवाजाचा वेग किती? तो म्हणाला, जे पुस्तकात मिळतं ते मी डोक्यात ठेवत नाही!

गूगलही कधीकाळी असली कोडी घालायचं. विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, वगैरे. २०१३ मध्ये त्यांच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लाझलो बॉक यांनी जाहीर सांगून टाकलं, की तो निव्वळ वेळेचा अपव्यय होता. कोण चांगलं काम करेल हे त्यातून कळतच नव्हतं. त्यापेक्षा सर्वांना तेच प्रश्न आणि ‘तुम्ही प्रत्यक्षात काय केलंत’ याची विचारपूस हे जास्त कामाचं.

म्हणून तयारी कोड्यांची नको, किश्शांची करा! स्वतःच्या आयुष्यातले पाच खरे प्रसंग निवडा. एक अडचणीचा, एक चुकीचा, एक भांडण मिटवल्याचा, एक अभिमानाचा, एक नवं काही शिकल्याचा. प्रत्येकाचे चार तुकडे: प्रसंग काय, जबाबदारी काय, केलं काय, झालं काय. दोन मिनिटांत संपायला हवा. आरशासमोर नको, फोनवर रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा ऐकताना कानात बोटं घालावीशी वाटतील, तिसऱ्यांदा स्वतःचं कौतुक वाटेल.

मुलाखत अवघड वाटते? चीनमध्ये सरकारी नोकरीच्या शाही परीक्षेला उमेदवार एकेकट्या कोठडीत बंद व्हायचे. दोन फळ्या मिळत. दिवसा त्यांचं टेबल-बाक, रात्री त्याच जोडून पलंग. कॉपीसाठी आतल्या सदऱ्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत अख्खे ग्रंथ लिहिलेले सापडलेत! तेराशे वर्षं चाललेली ही परीक्षा १९०५ मध्ये बंद झाली.

आपल्याकडे आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या काळातली सनदी परीक्षा, पास होणारे पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर, रवींद्रनाथांचे थोरले भाऊ. परीक्षा कुठे द्यावी लागली? लंडनला, १८६३ मध्ये. नोकरी मात्र आपल्या मुंबई इलाख्यात. साताऱ्याला ते न्यायाधीश होते आणि तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले!

आता एक आकडा जरा थांबून वाचा. २०२३ च्या यूपीएससी नागरी सेवा परीक्षेला अर्ज आले १०,१६,८५०. निवडले गेले १,०१६. हजारात एक! पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून रात्री अकराला बाहेर पडणारी मुलं मी बघते, पाठीला सॅक, हातात वडापाव, आणि खरंच पोटात तुटतं. ती हुशार आहेत, कष्टाळू आहेत. त्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे. पहिल्या प्रयत्नाच्या आधीच कागदावर दोन गोष्टी लिहा, किती प्रयत्न करणार आणि कुठल्या तारखेला थांबणार. कागद आईकडे ठेवायला द्या. आणि तयारीच्या काळातच दुसरं एक हातचं कसब शिकत राहा, मग ते अकाउंट्स असो, भाषांतर असो की डेटा. प्लॅन बी म्हणजे हार नव्हे, तो खिशातला सुटा पैसा आहे. बसमध्ये तोच कामी येतो.

पैशांचं बोलू काही

माहीत आहे का, सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनी तुमच्यावर करते त्या एकूण खर्चाच्या आकड्यात, तुम्हाला कधी कधी ४.८१ टक्के असा विचित्र आकडा का दिसतो? ती ग्रॅच्युइटी! दर वर्षामागे १५ दिवसांचं वेतन, महिना धरायचा २६ दिवसांचा. १५ भागिले २६, भागिले १२. आलं ना ४.८१? मूळ वेतनाच्या एवढ्या टक्क्यांची रक्कम बऱ्याच कंपन्या सीटीसीत मिळवून दाखवतात, पण ती दर महिन्याला खात्यात पडत नाही. कंपनीचा १२ टक्के पीएफही त्यातच, आणि तुमचा १२ टक्के पगारातून कापला जातो तो वेगळाच. म्हणून पॅकेज ऐकून पेढे वाटण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘हातात किती येतील?’ लेखी विचारा, हसून विचारा. नोटीस पिरियड किती हेही त्याच दमात. आयटीत तो ९० दिवसांचाही असतो!

आणि ही धोक्याची घंटा मोठ्यानं वाजवते. नोकरीसाठी पैसे मागणारी नोकरी नोकरी नसते! रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे, काहीही असो. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० हा सायबर हेल्पलाइन नंबर फिरवा. जितकं लवकर, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

नकारांचा स्कोअरबोर्ड

अमेरिकेचा क्लेटन अँडरसन. नासाकडे अंतराळवीर व्हायला अर्ज करत राहिला. किती वेळा? १५! निवड झाली १९९८ मध्ये, पंधराव्या अर्जाला. पुढे तो अंतराळ स्थानकावर महिनोन् महिने राहून आला.

ब्रायन ॲक्टनला २००९ मध्ये ट्विटरनं नाकारलं, फेसबुकनंही नाकारलं. मग तो मित्राच्या एका ॲपमध्ये सहसंस्थापक झाला. २०१४ मध्ये फेसबुकनं ते १९ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. ते ॲप तुमच्या फोनमध्ये आत्ता टिंग करतंय. व्हॉट्सॲप!

नकार आला की एका वहीत नोंद करा: तारीख, कंपनी, कुठल्या पायरीवर अडलो. अर्जालाच उत्तर येत नाही? मग रेझ्युमे बदला. पहिल्या फेरीत अडतंय? किस्से घोटा. शेवटच्या फेरीत अडतंय? अहो, मग अगदी उंबरठ्यावर आहात!

करिअरची गाडी वळते कशी?

अमेरिकेत १९५७ ते १९६४ मध्ये जन्मलेल्यांनी १८ ते ५६ या वयात सरासरी किती नोकऱ्या केल्या? १२.७! म्हणजे आपली आजोबांच्या काळातली ‘एकदा चिकटला की चिकटला’ ही कल्पना तिथं केव्हाच सुटलीय.

डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. पूर्णवेळ रंगभूमीवर आले १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड बंगळुरूत बस कंडक्टर होता, तिकिटं फाडायचा. आज त्याच्या सिनेमाच्या तिकिटांसाठी पहाटे रांगा लागतात, नाव रजनीकांत! आणि पुन्हा फाळके. फोटोग्राफर झाले, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन झाले, छापखाना काढला, जादूचे प्रयोगही केले. जादूगाराचं नाव? ‘प्रोफेसर केल्फा’. उलटं वाचा! ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला झळकला तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. पण नीट बघितलंत तर फोटोग्राफी, चित्रं, छपाई, जादू… सिनेमाचा एकेक सुटा भाग ते आधीपासूनच गोळा करत होते.

हुद्देसुद्धा मरतात आणि पुन्हा जन्मतात. ‘कॉम्प्युटर’ हा आधी माणसाचा हुद्दा होता! हातानं आकडेमोड करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर म्हणायचे, नासातही अशा कितीतरी महिला कॉम्प्युटर होत्या. गोदरेजच्या टाइपरायटरचा शेवटचा कारखाना आपल्या शिरवळला होता, तो बंद झाला. पण टायपिंग बंद झालं का? छे! सरकारी लिपिकाला आजही मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला लागतातच, फक्त परीक्षा आता संगणकावर होते. यंत्र गेलं, बोटं राहिली.

आपला कल कळत नाही? जॉन हॉलंड दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती झालेल्यांच्या मुलाखती घ्यायचा. हजारो माणसं ऐकल्यावर त्याला वाटलं, अरे, ही तर मोजक्याच साच्यांची आहेत! त्यातून १९५९ मध्ये आला सहा प्रकारांचा सिद्धांत: हातानं घडवणारे, शोधणारे, कलावंत, माणसांत रमणारे, पुढाकार घेणारे आणि नीट मांडणी करणारे. जगभरातल्या कितीतरी कलचाचण्या यावरच उभ्या आहेत. अमेरिकी कामगार खात्याची ‘ओ-नेट’ची चाचणी तर ऑनलाइन फुकट आहे. आपल्याकडेही २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली गेली.

परदेशाची हौस आहे? महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केलाय. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशा हातांना मागणी. पण आधी जर्मन भाषा! पुण्यात मॅक्समुल्लर भवनात ती कित्येक वर्षांपासून शिकवली जाते.

आणि भाचा? कँटीनचं ॲप पहिल्या पानावर सर्वांत वर गेलं, फोटो उडाला, राष्ट्रीयत्व उडालं, दोनाचं एक पान झालं. त्या सहा जणांपैकी एका दादानं ऑगस्टमध्ये त्याचा रेझ्युमे स्वतःहून पुढे सरकवला. शुक्रवारी रात्री दहाला माझा फोन वाजला.

‘मावशी, सोमवारी अकराला बोलावलंय! शर्ट कुठला घालू?’

‘पांढरा!’